आवेलिनाचा गाऊन

५ ऑक्टोबर

वेनेसाने माझी वेबसाइट केली. आता मी, ईडा फर्नांडिस, नवरीचे गाऊन शिवणारी, अमेरिकेतूनही दिसते म्हणे. आमच्या वाडीतून मात्र दिसत नाही, कारण इथे नेटवर्क फक्त विहिरीच्या कठड्यापाशी येतं आणि तिथे शेजारच्या हौसाबाईंच्या चादरी वाळत असतात.

माझी मुलगी पुण्यात हेच काम करते. लोकांच्या वेबसाइटी बनवते. मी फोनवर रडगाणं गात होते की गेल्या मोसमात एकही नवरी आली नाही. हल्लीच्या मुली मोबाइलवर बोट फिरवून तयार गाऊन मागवतात, नाहीतर गोव्यातून भाड्याने आणतात. दुसरीच्या घामाचा गाऊन घालून चर्चच्या आल्तारासमोर उभं राहायचं, लाज नाही. वेनेसा म्हणाली की मम्मी, तुझं काम कुणाला दिसतच नाही, दिसलं की येतील.

येतील तर बरं. या जानेवारीतही कुणी आलं नाही तर मला पडदे आणि उशांचे अभ्रे शिवत बसावं लागेल. अर्ध्या तालुक्याच्या नवऱ्या मी सजवल्या. मला ते सोसणार नाही. बाहेर कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

९ ऑक्टोबर

‘माझ्याविषयी’ नावाचं पान भरायचं होतं. मी लिहिलं, ‘गाऊन शिवते. चांगले शिवते.’ वेनेसाला ते कमी वाटलं. तिला माझी स्वप्नं हवी होती. मी सांगितलं, स्वप्नात मला मेलेली सासू दिसते, ते घालू का?

फोटो कायतानने काढला. कायतान माझा धाकटा दीर, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो आणि स्वतःला सगळ्यातलं कळतं असं समजतो. सगळ्या फोटोंत माझे डोळे मिटलेले. वेनेसाने त्यातल्या त्यात एक निवडला. त्यात मी प्रार्थना करते आहे असं वाटतं. नकाशावर घराची खूण मी स्वतः केली, तर घर खाडीत पडलं. ते तिने उचलून परत किनाऱ्यावर आणलं.

मग मी म्हटलं, नियमांचं एक पान पाहिजे. आपण आधीच सांगितलेलं बरं, नंतर तोंडातोंडी नको. गळा उंच राहील. पाठ झाकलेली राहील. भाड्याने मिळणार नाही. आणि गाऊन फक्त चर्चमधल्या लग्नासाठी. कचेरीत सही करून लग्न करणाऱ्यांनी साडी नेसावी. वेनेसाने बाकीचं मुकाट्याने लिहिलं, या शेवटच्याला मात्र अडली. म्हणाली, मम्मी, हा नियम नको, लोक घाबरतात. मी म्हटलं, वेबसाइट तुझी असेल, सुई माझी आहे.

त्यावर फोनच बंद झाला. चादरी मध्ये आल्या असाव्यात.

१५ ऑक्टोबर

वेबसाइटवर लोकांनी अभिप्राय लिहायचे असतात. पहिला अभिप्राय कायतानचा, पाच तारे देऊन. ‘मी स्वतः गाऊन घातलेला नाही. पण वयनीच्या हातचा सोरपोतेल एक नंबर.’ खाली त्याच्या बँडमधल्या सगळ्यांनी री ओढली आहे. आता माझं नाव शोधलं की आधी डुकराचं मटण दिसतं.

मी त्याला झापलं. त्यावर तो म्हणतो की वयनी, लोकांच्या नजरेत येणं महत्त्वाचं.

२१ ऑक्टोबर

किती लोक येऊन बघून गेले ते बघायची सोय आहे. वेनेसाने दाखवली होती, आता मला चटकच लागली आहे. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकते आणि विहिरीवर जाऊन माणसं मोजते. बहुतेक आमचेच नातेवाईक. पण पुण्याहून कुणीतरी रोज येतं आणि फक्त नियमांचं पान उघडून बघतं. गाऊनचे फोटो नाही, काही नाही. नियम वाचायचे आणि जायचं.

कायतानच्या मते हा गोव्याच्या एखाद्या दुकानाचा हेर आहे. मी म्हटलं, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय, उंच गळा?

२७ ऑक्टोबर

आली! पहिली नवरी आली. म्हणजे वेबसाइटवर पत्र आलं. नाव आवेलिना, राहते पुण्यात. हीच ती रोज नियम वाचणारी. लिहिते, ‘आंटी, तुमच्या हातचा गाऊन मला लहानपणापासून घालायचा आहे. पण मुलगा हिंदू आहे आणि लग्न कचेरीत होईल. माझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही. तुम्ही शिवाल का?’

लहानपणापासून! म्हणजे आमच्याच भागातली कुणीतरी. मालवणची असेल नाहीतर वेंगुर्ल्याची. मोसमातली पहिली नवरी आणि तीही नेमकी नियमात न बसणारी.

मी लगेच उत्तर दिलं, नाही. मग जेवायला बसले, पण ताट तसंच झाकून ठेवलं. पुन्हा विहिरीवर गेले आणि त्याखाली लिहिलं, ‘बाय, आधी आईला सांग. आई म्हणजे काय वाघ आहे?’

२८ ऑक्टोबर

तिचं उत्तर, ‘वाघ नाही. पण तिचे नियम आहेत.’

मी लिहिलं, ‘नियम पाळणारी बाई चांगली असते. मला भेटायला आवडेल तिला.’ यावर त्या मुलीने हसरा चेहरा पाठवला. आता यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.

२ नोव्हेंबर

आज दफनभूमीत जाऊन यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. तिथे आवेलिनाचाच विचार डोक्यात. मुलगी चांगली लिहिते, नम्र आहे. मुलाचं सांगते की सावंतवाडीचा आहे, तिच्याच ऑफिसात आहे, ती आजारी पडली तेव्हा रोज पेज करून आणायचा. पेज करणारा पुरुष मी जन्मात पाहिला नाही. आमचे हे, देव त्यांना शांती देवो, पाणीसुद्धा हातात घ्यायचे.

मी तिला विचारलं, आईची एवढी भीती का? तर म्हणते, ‘ती रागावेल याची भीती नाही. ती रागावणार नाही, गप्प बसेल, आणि मग मी तिला कायमची परकी होईन.’

वाचून मला त्या बाईचाच राग आला. एवढी गुणाची पोर, आणि आई असून नसल्यासारखी.

६ नोव्हेंबर

वेनेसाला सगळं सांगितलं. तीही पुण्यात, आवेलिनाही पुण्यात. मी म्हटलं, जाऊन भेट आणि माप घेऊन ये. तुला लहानपणापासून टेप धरायची सवय आहे, दुसऱ्या कुणाच्या मापावर माझा भरवसा नाही. आधी टाळाटाळ केली, वेळ नाही म्हणाली. मी म्हटलं, आईचा धंदा चालावा असं वाटतं की नाही? मग गेली.

आज मापं आली. मी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाली, बरी आहे. दिसायला? माझ्याएवढीच आहे उंचीला. आणि स्वभावाने? तर वेनेसा म्हणते, घाबरट आहे गो, पण हट्टी आहे.

मी म्हटलं, अशी पोर तुझी मैत्रीण झाली तर तुलाही थोडी हिंमत येईल.

१५ नोव्हेंबर

खूप विचार केला. काल रात्री रोझरी म्हणताना दोनदा चुकले. शेवटी सकाळी वेनेसाला फोन करून सांगितलं, तो चर्चचा नियम काढून टाक.

तिने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, त्या आवेलिनासाठी. तिच्या आईला नसेल समजत, मला समजतं. गाऊन म्हणजे कापड. कापडाला काय कळतंय चर्च की कचेरी.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. पुण्यात थंडी पडली असावी. तिला काढा घ्यायला सांगितलं.

२६ नोव्हेंबर

गाऊन कापला. कायतानने शहाणपणा केला की माप जरा ढगळ वाटतं. पण मापं माझ्या मुलीने घेतली आहेत, चुकणार नाहीत. बाह्यांना लेस लावते आहे. आणि खरं सांगायचं तर गळा किंचित उतरवला आहे. माझ्याकडून ही एवढी सूट. किती दिवसांनी मशीनचा आवाज घरात घुमतो आहे. हौसाबाई येऊन बसल्या होत्या, म्हणाल्या की जणू घरचंच कार्य आहे.

आवेलिनाला लिहून कळवलं की १३ डिसेंबरला अंगावर घालून बघायला ये, मी घरीच आहे, मी कुठे जाते? वेनेसा तिला गाडीतून घेऊन येणार आहे. दोघींच्या जेवणासाठी खाडीतल्या तिसऱ्या आणून ठेवते.

७ डिसेंबर

म्हटलं ना, मी कुठे जाते. बारा तारखेला अख्खा गाव पळतो आहे.

आमच्या गावाची ही रीत. तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. देवाने होकार दिला की गाव पळतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जायचं, झोपड्या घालून तीन दिवस राहायचं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल झाला की परत यायचं. तोवर गावात कुणी पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही. लहानपणी मला वाटायचं, देवाला एकटं राहून सुट्टी घ्यायची असते.

मानकरी काशिनाथ दारात येऊन सांगून गेले. मी म्हटलं, माझी नवरी यायची आहे तेरा तारखेला, देवाला दोन दिवस पुढे सरकायला सांगा. ते हसत निघून गेले.

आवेलिनाला घाईघाईने कळवलं की गावात येऊ नको, पूल ओलांडण्याआधी खाडीच्या अलीकडच्या माळावर थांब, माझी झोपडी कुणीही दाखवेल. तिने ‘हो आंटी’ एवढंच लिहिलं. गावपळण म्हणजे काय ते विचारलंसुद्धा नाही. पुण्यातल्या मुलींना कशाचंच नवल नसतं.

१२ डिसेंबर

गाव पळाला. सकाळपासून टेम्पो, हातगाड्या, डोक्यावर बोचकी. कायतानने माडाच्या झापांची झोपडी घातली आहे, जरा कललेली, त्याच्यासारखीच. मी शिलाई मशीन आणलं, कोंबड्या आणल्या, मांजर पिशवीत घालून आणलं, साखरेचे डबे, मदर मेरीची मूर्ती, कायतानच्या ट्रम्पेटची पेटीसुद्धा मीच उचलली.

पुलावरून आलो, चहा मांडला, सगळं सामान लावून झालं, तेव्हा हौसाबाईंनी विचारलं, “ईडा, कोंबडे हाडलंस, मांजर हाडलंस, आणि गाऊन खंय गो?”

गाऊन घरी. पुढच्या खोलीत पुतळ्यावर घालून, वर पांढरी चादर टाकून ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून रोज झाकते. निघताना त्याच्या बाजूने मी चार फेऱ्या मारल्या. जणू घरातलं माणूसच उभं आहे, ते आपल्या पायांनी येईल.

धावत काशिनाथांकडे गेले. म्हटलं, पाच मिनिटं जाऊन येते, नुसता गाऊन उचलते. तुमच्या देवाला कळणारही नाही. काशिनाथ शांतपणे म्हणाले, “तुमका कोण अडवचो नाय, ईडाबाय. देव आमचो म्हणा. पण गाव तुमचो पण आसा मा?”

पुलाच्या तोंडापर्यंत गेले. पलीकडे आमच्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. एक माणूस नाही, एक कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. माझी मोसमातली एकुलती नवरी उद्या येणार, आणि तिला दाखवायला माझ्याकडे एक दोरासुद्धा नाही. पाय मात्र पुढे टाकवला नाही. परत आले आणि विनाकारण कोंबड्यांवर ओरडले.

१३ डिसेंबर

जे घडलं ते सरळ लिहिते.

दुपारी माळावर गाडी येऊन थांबली. वेनेसा उतरली. हडकलेली, डोळ्यांखाली काळं. मागून एक उंच मुलगा उतरला, दोन्ही हातांत पिशव्या. ड्रायव्हर असेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलंच नाही, गाडीच्या मागच्या सीटवर वाकून आवेलिनाला शोधायला लागले. तिथे पाण्याच्या बाटल्या आणि केळी.

“आवेलिना खंय?”

“मीच गो, मम्मी.”

मला वाटलं मस्करी करते आहे. मग तिचा चेहरा बघितला. त्या मुलाने पिशव्या खाली ठेवल्या, नाव केयूर सांगितलं, माझ्या पाया पडायला वाकला, मग आमच्यात चालतं की नाही असं वाटून अर्ध्यावरच थांबला, आणि तसाच वळून कायतानच्या पाया पडला. कायतानला जन्मात कुणी नमस्कार केला नव्हता. तो भांबावून ‘थँक्यू’ म्हणाला.

सगळा माळ बघत होता. तिथे दारं नाहीत, भिंती नाहीत. मी वेनेसाला हाताला धरून खाडीकाठच्या खडकांपाशी नेलं. हिंदू मुलगा, कचेरी, यातलं काही मला बोलावंसं वाटलं नाही. ते सगळं मी महिनाभर पचवलं होतं, दुसरीच्या मुलीसाठी. मला लागलं होतं ते वेगळंच.

“वेबसाइटवरच्या परक्या बाईक लिवलंस. आवशीक, माका, सांगूक काय झाला?”

वेनेसा रडायला लागली. “त्या परक्या बाईन बरा उत्तर दिल्यान, मम्मी. तू दिला असतंस?”

नसतं दिलं. आवेलिनाच्या आईला मी इतके दिवस नावं ठेवत होते, मनात, वहीत, आणि खुद्द आवेलिनापाशी. माझ्या मुलीला माझी भीती वाटते. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट यांना पुरून आले त्या दिवसानंतर वाटलं नव्हतं.

गाऊन हाताशी असता तर मी तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत बसले असते. ‘सरळ उभी राहा, हात वर कर’, असं म्हणत वेळ मारून नेली असती. तो कुलूपबंद होता. दोघींना बोलावंच लागलं. ती सांगत राहिली, मी ऐकत राहिले. दोघांचं कधी जमलं, मला सांगायला किती वेळा फोन उचलून ठेवला, केयूरनेच कसं म्हटलं की आईपासून लपवून मी लग्न करणार नाही. हे शेवटचं मला आवडलं, पण लगेच दाखवलं नाही.

मग मी विचारलं, मापं खरी दिलीस का? मान खाली. म्हणे खरी दिली असती तर तू ओळखलं असतंस. तिथेच खडकापाशी गळ्यातली टेप काढली आणि तिचं माप घेतलं. छाती, खांदा, बाही. कमरेला टेप घालताना हात मागे न्यावे लागतात. ते तसेच राहिले. तीही हलली नाही. लाटा पायांवर येऊन दोघींच्या चपला भिजल्या.

परतताना मी विचारलं, फादरांना विचारू का, परवानगी काढली तर चर्चमध्येही लग्न होतं. ती म्हणाली, विचार, पण ते नाही म्हणाले तरी लग्न होणार.

“ते नाय म्हणाले तरी गाऊन होतलो,” मी म्हटलं.

१४ डिसेंबर

केयूरने सकाळी सगळ्या माळाला पेज करून घातली. हौसाबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि मीठ कमी असल्याचं जाहीर केलं. संध्याकाळी भजनाला कायतानने ट्रम्पेट लावला, केयूर टाळ घेऊन बसला. मुलाला ताल नाही. पेज बरी करतो.

मी अजून त्याच्याशी मोजकंच बोलते. एकदम गोड झाले तर वेनेसाला संशय येईल.

१५ डिसेंबर

देवाने कौल दिला, गाव परतला. घर उघडलं तर पुढच्या खोलीत चादर पांघरून नवरी उभीच. केयूरला कायतानबरोबर मागच्या अंगणात बसवलं. नवऱ्याने आधी गाऊन बघायचा नसतो, एवढा एक नियम मी ठेवणार.

वेनेसाने अंगात घातला आणि आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. आत आणखी एक वेनेसा मावली असती. ढगळ म्हणून कायतान बोलला होता, हे त्याला अजिबात सांगायचं नाही असं ठरलं. पूर्ण उसवला. शिवण उसवायला ती जवळ बसली, पूर्वी बसायची तशी, एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

२० डिसेंबर

मुलं काल पुण्याला गेली. जाताना केयूरने पुन्हा अर्धवट वाकून बघितलं. या वेळी मी डोक्यावर हात ठेवला.

आज वेबसाइटवर वेंगुर्ल्याच्या एका मुलीचं पत्र. चर्चमधलं लग्न, जानेवारीचा शेवटचा आठवडा, उंच गळा चालेल, तिची आई स्वतः फोन करणार आहे. सगळ्या नियमांत बसणारी. दोन महिन्यांपूर्वी असं पत्र आलं असतं तर मी वाडीभर पेढे वाटले असते.

तिला लिहिलं, ‘बाय, रागावू नको. जानेवारीत मी दुसऱ्या कुणाचं काम घेत नाही. माझ्या मुलीचं लग्न आहे.’ मग तेच मोठ्या अक्षरांत वेबसाइटच्या पहिल्या पानावर घालायला वेनेसाला सांगितलं. ती म्हणाली, मम्मी, धंद्याच्या जागी असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, सगळ्यांना कळू दे. मला कुणापासून लपवायचं नाही.